सात रिकाम्या मात्रा

"मधातच टाळी वाजवसान तर पाहा, मी सरळ उठून घरी जाईन," मनकर्णाबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "पोरीनं बजावलं हाय, चौघं उभे राह्यले का मंगच टाळी!"

"अवं, मले का लेकरू समजून राह्यली का?" शालिग्रामभाऊ बोलले खरे, पण हात मांडीखाली दाबूनच बसले.

शेलूबाजारच्या मंगल कार्यालयात संध्याकाळचा असला कार्यक्रम पहिलाच. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून जरा थोराड व्हायोला आणि त्यांच्या ज्योत्स्नाच्या गुडघ्यांत धरलेला भलामोठा चेलो. रचना सगळ्या आजकालच्या, शेवटची तर खुद्द ज्योत्स्नाची. पुण्याच्या सोबत्यांसमोर आपल्यापायी पोरीची फजिती होऊ नये, एवढंच भाऊंनी माउलीजवळ मागितलं होतं. चाळीस वर्षं कीर्तनात महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिलेला माणूस. नुसतं गप्प बसून ऐकणं त्यांच्या अंगवळणी कुठलं पडायला!

पहिल्या रचना डोक्यावरून गेल्या. सूर जावा-जावांसारखे एकमेकांना टोचायचे, लगेच गोडही बोलायचे. मग ज्योत्स्नाची रचना आली. चेलो खालून चढत चढत वरच्या सुराला टेकला, आणि चारही गज एकदम थांबले. कुणी उभं राहिना, कुणी वाजवीना.

भाऊंनी मांडीखालचे हात काढले. पोरगी इसरली!

महाराजांचा दम तुटला की मागच्यानं ध्रुपद उचलायचं, सूर खाली पडू द्यायचा नाही, हा टाळकऱ्याचा धर्म. भाऊंनी डोळे मिटले आणि तोच सूर मोकळ्या गळ्यानं उचलला. मागच्या रांगेत आसेगावचे टाळकरी बसले होते. त्यांनीही तो धरला.

मनकर्णाबाईंनी पदर तोंडावर घेतला. व्हायोलावाला नमन बघतच राहिला. ज्योत्स्नानं मात्र गज टेकवला, आणि रंगलेल्या कीर्तनात मृदंग यावा तसा चेलो त्या गळ्यांखालून वर आला. चौघं उभे राहिले तेव्हा टाळ्या थांबेचनात.

भाऊ स्टेजपाशी गेले ते मान खाली घालूनच. "बाई, चुकलं माह्यं. मले वाटलं, तू इसरली."

"इसरली नाही, बाबा. तिथं सात मात्रा रिकाम्याच ठेवल्या हायेत."

"रिकाम्या? काहून?"

"पुण्यात लोक तिथं खोकतात, काका," नमन म्हणाला.

"अन् आमचे गाऊन राह्यले!" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि ज्योत्स्ना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिनं आपल्या रचनेचा कागद काढला, शाईचं पेन उघडलं. "बाबा, पुन्हा लावा तो सूर."

"आता? इथं?"

"हो. लिवाचा हाय."

भाऊंनी घसा खाकरला आणि सूर लावला. खुर्च्या आवरणारे थबकले. रिकाम्या ओळीवर ज्योत्स्नानं सुराचा एक गोल काढला, त्यापुढे लांब रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'बाबा'.

"धरा. शाई वली हाय."

भाऊंनी कागद दोन्ही तळहातांवर आडवा घेतला आणि वाळेपर्यंत तसेच उभे राहिले. फुंकरसुद्धा घातली नाही.