चौऱ्याहत्तर खाचा

आमच्या सरोवरात लढाई झाली नाही, याचं श्रेय गावानं आमच्या आरमाराच्या प्रमुखाला, कमोडोरला दिलंय. चौकात त्याचा पुतळा बसतोय, हातात उगारलेली तलवार. युद्धाच्या तीन वर्षांत ती तलवार कशावर चालली असेल, तर माझ्या चीजवर. मला पुतळा नको, पण खरं काय ते एकदा सांगून टाकते.

ओंटारिओ सरोवराच्या अलीकडे आम्ही, अमेरिकेचे. पलीकडे कॅनडाच्या काठावर इंग्लंडच्या राजाचे लोक. अठराशे बारा साली युद्ध लागलं आणि दोघांनाही एकदम आठवलं की सरोवरावर आपलं आरमारच नाही. समुद्र कुठल्या कुठे, आणि दोन्ही काठांवर सुतारांची ही झुंबड! आम्ही सोळा तोफांचं जहाज बांधलं, त्यांनी वीस तोफांचं बांधलं. आम्ही चोवीसचं, त्यांनी तिसाचं. सरोवराचं पाणी गोडं, तहान लागली की बादली सोडायची, म्हणून पाण्याच्या पिंपांची जागासुद्धा तोफांनाच दिली. लाकूड वाळायला वेळ कुणाला होता? एका जहाजाच्या बरगडीला तर वसंतात पालवी फुटली. कमोडोरनं ती सुतारांकडून तासून घेतली आणि याची वाच्यता करायची नाही म्हणून ताकीद दिली.

दोन्हीकडच्या कमोडोरांचा नियम एकच होता. आपल्या तोफा जास्त असल्याशिवाय लढायला जायचं नाही, आणि जास्त झाल्या की समोरच्याला गाठून बुडवायचं. मी ठरवलं, आपल्या तोफा कधी जास्त होऊच द्यायच्या नाहीत. कारण आमच्या जहाजावर खालच्या मजल्यावरच्या तोफेपाशी माझा जॉथम होता. वीस वर्षांचा, एकुलता एक, बापाच्या माघारी वाढवलेला.

मी चीज विकायची. युद्ध असो नसो, राजाच्या शिपायांना आमचंच चीज लागायचं, आणि बेटांमधून होडी नेली की कुणी अडवत नसे. पलीकडच्या गोदीत टोपली घेऊन हिंडताना मी तोफांच्या खिडक्या मोजायची आणि काठीवर खाचा पाडायची, एका तोफेला एक खाच. परत आले की काठी आमच्या लेफ्टनंट प्रुइटच्या टेबलावर. पलीकडचा लेफ्टनंटही मला आमच्या तोफा विचारायचा. दोघांनाही वाटायचं, बाई आपली.

पहिली काठी खरी होती. मग शेजारच्या पेशन्सचा मुलगा रूबेन घरी आला. तो शेजारच्या सरोवरावरच्या आरमारात होता, आणि तिथल्या शहाण्यांनी खरोखरची लढाई केली. विजय आपलाच झाला. गावानं घंटा वाजवल्या, आणि रूबेन गाडीतून उतरला तेव्हा त्याची उजवी बाही खांद्याशी टाचून ठेवलेली होती. पेशन्स त्याच्या ताटातलं मांस कापून देते आणि तो मान खाली घालून खातो. त्या दिवसापासून परतीच्या वाटेवर, बेटाच्या आडोशाला होडी थांबवून, मी जास्तीच्या खाचा पाडू लागले. पलीकडच्यालाही तसंच फुगवून सांगायची. घाबरून दोघंही आपापल्या बंदरात बांधत बसायचे.

चौदा सालच्या ऑक्टोबरात मात्र पंचाईत झाली. आमचं नवं जहाज बासष्ट तोफांचं झालं. मी पलीकडे मोजल्या, त्यांच्या अठ्ठावन्न. जॉथम रविवारी घरी आला तो उड्या मारतच.

"आई, आता बघच! त्यांच्या साठच्या खाली भरल्या तर मंगळवारी शिडं वर. पोरं म्हणतायत, राजाच्या लोकांना त्यांच्याच बंदरात चेचायचं."

"आणि ते काय हात बांधून बसणारेत?"

"तू पण ना! लढाईत थोडंफार लागायचंच."

मी त्याच्या ताटात आणखी मांस वाढलं. दुसऱ्या दिवशी प्रुइटसमोर काठी ठेवली. तो एकेका खाचेवर बोट ठेवत मोजत गेला.

"चौऱ्याहत्तर? डॉर्कसबाई, नीट मोजल्यात ना?"

"डोळे फुटलेले नाहीत माझे, साहेब. दोनदा मोजल्या."

असा आकडा ऐकून माणसाचा चेहरा पडायला हवा. हा गडी खुलला! "वा! म्हणजे आपल्याला शंभराचं बांधायला हवं. कमोडोरसाहेब आजच राजधानीला पत्र धाडतील." लढाई टळली, मान राहिला, आणि वर आणखी मोठं जहाज. बेडकाला फुगायला निमित्तच हवं असतं. मी काठी परत टोपलीत टाकली आणि निघाले.

"थांबा बाई," प्रुइट म्हणाला. "शंभराच्या जहाजाला ओक लागणार, आणि जवळपासचे सगळे संपलेत. तुमच्या घरामागे अकरा आहेत ना?"

ते ओक माझ्या नवऱ्याचे, ईनसचे. त्यांच्याच सावलीत त्याला पुरलंय. मरताना दुसरं काही मागितलं नव्हतं त्यानं. "काही खाचा चुकून पडल्या असतील" एवढंच म्हटलं असतं, तर झाडं वाचली असती. प्रुइट लेखणी हातात धरून वाट बघत होता.

"अकराच आहेत," मी म्हणाले. "न्या."

चार दिवसांत अकरा बुंधे उरले. ईनसच्या थडग्यावर भरदुपारचं ऊन पडायला लागलं. मी तिथं बसून खूप रडले, आणि कमोडोरला माझ्या आजीकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या.

फेब्रुवारीत बातमी आली, नाताळातच तह झाला म्हणून. शंभर तोफांचं जहाज छपराखाली अर्धवट उभं होतं, ते तिथंच राहिलं. त्याला पाणी माहीत नाही. आता त्यात कोंबड्या अंडी घालतात, आणि त्यांचा पहारेकरी सरकारी पगार खातो.

जॉथम घरी आला तो तोंड पाडून.

"तीन वर्षं, आई! एक गोळा नाही डागला. रूबेनकडे निदान सांगायला काहीतरी आहे. मी काय सांगू, आरमारात बटाटे सोलले?"

"सांग की. रूबेनला आता एक तरी सोलता येतो का?"

"तुला थट्टा सुचतेय. त्या चौऱ्याहत्तरनं घात केला सगळा. तह झाल्यावर त्यांचे खलाशी भेटले, त्यांच्या अठ्ठावन्नच होत्या! कुणीतरी हरामखोर आकडा फुगवून सांगत होता. सापडू दे, तंगडी मोडतो त्याची."

मी मक्याची भाकर उलथत होते. तो चुलीत घालायला ढलपी शोधत कोपऱ्यात गेला आणि परत आलाच नाही. वळून पाहिलं, तर काठी त्याच्या हातात. शेवटच्या खाचेपर्यंत मोजून झालं होतं त्याचं.

"आई... तू?"

"मीच. मोड तंगडी."

त्यानं खिडकीतून बुंध्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळं गाव हसतंय आम्हाला. तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस तू."

"तोंड आहे ना जागेवर? मग बस जेवायला."

पुढं तीन आठवडे तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पण रोज माझ्यासमोर बसून जेवायचा, मान खाली घालून, रागारागानं मांस कापत, दोन्ही हातांनी.