खालचे हात

पाकिटावरचे तिकीट वाकडे चिकटवलेले होते. एक कोपरा वर, एक खाली, जणू चिकटवणाऱ्याचे लक्ष भलतीकडेच होते. उत्तर न दिलेल्या त्या पत्राची आठवण झाली की त्याला आधी हे वाकडे तिकीटच दिसे, मजकूर मागून येई. आता ते पाकीट चहाच्या कपाशेजारी पडले होते आणि तो त्याच्याकडे बघत होता. खरा माणूस तिकीट असे लावतो की खोटा? खोटा काळजी घेईल, सरळ लावील. पण खोटा हुशार असला तर... तर तो मुद्दाम वाकडे लावील. गेले कित्येक दिवस विचार इथपर्यंत येऊन अडत होता आणि चहा गार होत होता.

मजकूर पाठच होता. 'तुमचे पुस्तक वाचले. उशिराच वाचले. खार म्हणजे मी. पुरती मी नव्हे, अर्धी. खाली माझी धाकटी बहीण उभी असायची, मी तिच्या खांद्यावर. तुम्ही लिहिले आहे की खार हा उंचपुरा, एकटा तरुण असावा. तुम्ही असेही लिहिले आहे की त्याच्या रेघेतला कंप ही शहरातल्या एकाकी माणसाची भीती आहे. सर, ती हसायची. खालचे माणूस हसले की वरच्याचा हात हलतो. गेल्या वर्षी ती गेली. त्या भिंतीला काच लावून पाटी बसवणार आहेत असे कळले. माझे नाव नको. फक्त एका तरुणाच्या जागी दोघी, एवढे करा.' खाली सही म्हणून नुसता झुपकेदार शेपटीचा एक फराटा, आणि मोटार शिकवणाऱ्या एका शाळेचा पत्ता.

ती हसायची... त्याचे अख्खे प्रकरण त्या कंपावर उभे होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या माणसाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिले. गाडल्या गेलेल्या जुन्या नगरांच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेल्या नावांपासून ते रेल्वेच्या डब्यांवर रंगाच्या फवाऱ्याने टोपणनावे लिहिणाऱ्या पोरांपर्यंत, लोक भिंतीवर का लिहितात याचे पुस्तक. बाकीची प्रकरणे दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून उतरवलेली, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? स्वतःचे असे एकच होते. एके काळी शहरभर उमटून एकाएकी थांबलेले खार हे नाव, त्याची ती उंच, थरथरती शिरोरेघ, आणि तिच्यात आपल्याला दिसलेला एकटा माणूस. तो माणूस मला दिसला होता. मी त्याला ओळखत होतो, असे मला वाटत होते.

"दादा, त्या बाईंना उत्तर टाकलंस का?" धाकटी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कुठल्या बाईंना?"

"वा! पत्र पुस्तकात ठेवतोस, काढतोस, परत ठेवतोस. या वयात मला वाटलं, निघालं वाटतं काहीतरी."

"तू वाचलंस?"

"मग काय वास घेऊन परत ठेवू?" ती हात पुसत दाराशी आली. "किती दिवस झाले रे. माणसानं वाट तरी किती बघावी?"

"बाईचंच आहे कशावरून? कोणीही लिहील. कोणाला तरी थट्टा सुचली असेल."

"पुरुष असता तर पाटीवर स्वतःचं नाव मागितलं असतं. ही नको म्हणतेय."

उत्तर फार चटकन आले. तयार असल्यासारखे. तो तिच्याकडे पाहू लागला आणि ती आपल्याकडे पाहत नाही, टेबलावरचे तुकडे गोळा करते आहे, हे त्याने मनात टिपून ठेवले. ती लहानपणापासून त्याच्या नकला करायची. पुस्तक निघाले तेव्हा पाहुण्यांसमोर तिने ते थरथरत्या हाताने वाचून दाखवले होते आणि सगळे हसले होते. तोही हसला होता, पण उशिरा. मोटार शिकवणाऱ्या शाळेचा पत्ता तिला सहज मिळाला असता... आणि बहीण बहिणीच्या खांद्यावर, हे सुचायला धाकटी बहीणच हवी, नाही का? पण मग ती वर असती. खाली राहून हसणारी म्हणून स्वतःला तिने कधीच कल्पिले नसते. की असते?

पत्राच्या खाली दुसरा कागद होता. पाटीचा मजकूर, पालिकेच्या समितीने पाठवलेला. 'एका अज्ञात एकाकी तरुणाची ही अखेरची स्वाक्षरी.' लेखकाची संमती म्हणून खाली सही हवी होती, संध्याकाळपर्यंत. समितीच्या माणसाने फोनवर सांगितले होते, "सर, तुमच्याच पुस्तकातलं वाक्य घेतलंय, जसंच्या तसं." कोणीतरी आपले वाक्य जसेच्या तसे घेतले, हे सुख त्याला पहिल्यांदाच मिळत होते. ते धातूच्या पाटीवर, स्क्रूने घट्ट बसवले जाणार होते. आणि नेमके तेव्हाच हे पत्र यावे? नेमके तेव्हाच... इतका नेमकेपणा प्रामाणिक असतो का?

दोन्ही कागद खिशात घालून तो निघाला. "छत्री घे," बहीण म्हणाली. आकाश कोरडे ठणठणीत होते. तिला मी बाहेर जास्त वेळ राहायला हवा आहे की काय?

भिंत रेल्वेच्या पुलाखाली होती. वाटेतल्या प्रत्येक बंद दुकानाच्या शटरवर नावे होती, नावांवर नावे. दुसऱ्याच्या नावावर आपले नाव मारणे म्हणजे उघड भांडण, मारायचेच तर त्याहून चांगले मारावे, आणि मेलेल्याच्या नावाला हात लावू नये, हे या मुलांचे नियम त्याने पुस्तकात दिले होते. एकाही मुलाशी मात्र तो कधी बोलला नव्हता. लाज वाटायची. त्यांना काय विचारणार, आणि त्यांनी उलट विचारले तर काय सांगणार?

पुलाखाली एक टेम्पो उभा होता. काच बसवणारा कारागीर भिंतीत भोके पाडून चौकटीच्या पट्ट्या बसवत होता. त्याच्या डोक्यावर, पूर्वीइतकी निळी नसली तरी अजून निळी, ती अक्षरे होती. ख, काना, र, आणि र च्या टोकाला वर वळून गेलेली शेपटी. त्याने हात उंचावला. पूर्वी उंचावला होता तसाच. बोटे शिरोरेघेच्या वीतभर खाली राहिली. यावरून मी उंच माणूस काढला होता. शिडीचा विचार केला, शिडी घेऊन कोण पळणार म्हणून सोडला. खांद्यांचा विचार केला नाही. खांद्यावर चढायला दुसरे माणूस लागते, आणि दुसरे माणूस मला... कसे सुचले नाही?

तो रेघेकडे बघत राहिला. शेपटीच्या वळणावर कंप वाढत होता, मग थांबत होता, मग एकदम परत, मोठा. भीती अशी थांबत-थांबत येते का? त्याने स्वतःची भीती आठवून पाहिली. ती तर सलग असते.

"आजोबा, जरा बाजूला व्हा. धूळ डोळ्यात जाईल."

तो बाजूला झाला, आणि बाजूला होताना त्याची नजर खाली गेली. छातीच्या उंचीवर भिंतीवर दोन पंजे होते. निळे. बोटे फाकलेली, तळवे दाबून टेकलेले, जसे कोणी अंगावरचा भार पेलताना भिंतीचा आधार घेते. उजव्या पंजाची बोटे खाली घसरली होती. नवीन असतील? नाही, निळा तितकाच विटलेला... आणि मग त्याला आठवले. पुस्तकासाठी फोटो काढणारा मित्र कॅमेऱ्याआडून म्हणाला होता, "हे खालचे हात पण घेऊ का?" आणि तो म्हणाला होता, "नको, ते दुसऱ्याच कोणाचे तरी आहेत." चौकट वर सरकली होती. पुस्तकात नुसते नाव आले होते, हवेत तरंगणारे.

म्हणजे हात तेव्हाही होते. पण पत्रात त्यांचा उल्लेख नाही. खऱ्या बाईने हा पुरावा दिला नसता का? की खरी असल्यामुळेच तिला पुराव्याची गरज वाटली नाही? की त्या दोघींना हे हात कधी दिसलेच नव्हते, कारण काम झाल्यावर त्या पळत सुटल्या असतील... आणि थट्टा करणाऱ्याने नेमके तेच टाळले असेल, मी इथे येऊन आपणच शोधावे म्हणून? मी इथे येईन हे कोणाला माहीत होते? छत्री घे म्हणणारीला. तो मागे वळून पाहणार होता. मग त्याला स्वतःचीच किळस आली. थोडीशी.

कारागीर टेम्पोतून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला.

"हे कशाला?"

"खालचा भाग साफ करायचाय. साहेबांनी सांगितलंय, काचेच्या खाली पाटी येणार, तिथं घाण नको."

"ती... ती घाण नाही."

"मग काय आहे?"

काही ठामपणे म्हणायचे तर आधार लागतो. तळटीप लागते. बिनपुराव्याचे एक वाक्य त्याने जन्मात छापले नव्हते, निदान असे तो सकाळपर्यंत समजत होता.

"ते पण त्यातलंच आहे," तो म्हणाला. "चौकट खालपर्यंत घ्यावी लागेल."

"काच मापाची कापून आणलीय, आजोबा. तुम्ही कोण म्हणायचे?"

"मी याच्यावर पुस्तक लिहिलंय."

"याच्यावर?" कारागिराने भिंतीकडे, मग त्याच्याकडे पाहिले. "दोन अक्षरांवर आख्खं पुस्तक? मग त्यात हे हात नाहीत होय?"

"नाहीत."

"मग राहिलंच की तुमचं." त्याने डब्यावर झाकण ठेवले, पण दाबले नाही. "साहेबांना फोन करा. त्यांनी सांगितलं तर नाही मारत. मला काय, रंग वाचला."

त्याने फोन लावला. समितीच्या माणसाला त्याने अडखळत सांगितले की मजकुरावर आज सही होणार नाही, काच थांबवा, खाली रंग लावू नका. "पण सर, वाक्य तुमचंच आहे ना?" पलीकडून आले. "हो," तो म्हणाला, "म्हणूनच." कोणत्या आधारावर, असे त्या माणसाने विचारले नाही. विचारले असते तर उत्तर नव्हते. आताही नाही. कारागिराने झाकण दाबले, तेवढे मात्र नीट ऐकू आले.

टपाल कार्यालयाच्या उंच फळीसमोर उभे राहून त्याने अंतर्देशीय पत्र उघडले. काय लिहायचे? तुम्ही खऱ्या आहात हे सिद्ध करा? पुस्तक चुकले, क्षमा असावी? दोन्ही वाक्ये मनात लिहून त्याने मनातच खोडली. तिसरे आले ते विचारपूर्वक नव्हते. 'ती कशाला हसायची?'

तो थबकला. सापळा म्हणून प्रश्न उत्तम होता. थट्टा करणारा लगेच काहीतरी छान रचून पाठवील, आणि खरीला कदाचित आठवणारही नाही, ती लिहील, कशालाही. त्यावरून कळेल. त्याला आपल्या हुशारीचे जरा कौतुक वाटले. मग प्रश्न पुन्हा वाचला आणि कौतुक ओसरले. त्याला सापळा नको होता. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते, खांद्यावर एवढा भार, हाताला ओला रंग, कोणत्याही क्षणी कोणी येईल, आणि त्या मुलीला हसू कशाचे येत होते. त्या भिंतीपुढे इतकी वर्षे उभे राहून त्याला ते ऐकू आले नव्हते.

खाली सही केली. घडी घालताना आणखी एक ओळ कोपऱ्यात लिहिली, 'खालचे हात अजून आहेत,' आणि गोंद ओला करून पत्र बंद केले. कड वाकडी चिकटली. ती उचकटून सरळ करावी असे त्याला वाटले, नेहमी वाटे तसे, पण बोटे आधीच पेटीच्या फटीत गेली होती. पत्र आत पडल्याचा आवाज आला. नक्की आला का? त्याने वाकून फटीत पाहिले. आत काळोख होता. मागे रांगेतले कोणीतरी खुदकन हसले, बहुधा त्यालाच, आणि त्याने वळून कोण ते पाहिले नाही.