दोन डाव्या बाह्या

मी एकाच कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या. उभी हयात कात्री चालवण्यात गेली, आणि दुसरी बाही कापताना कापड उलटवायचंच विसरले. कापड एकाच बाजूनं चकाकणारं, त्यामुळे फिरवून वापरायचीही सोय नाही.

त्याच थानातला तुकडा कापडवाल्याकडे निघाला म्हणून निभावलं. देव त्याचं भलं करो. पण माझी धास्ती काही जाईना. आधी नुसती माणसांची नावं विसरायचे. आता हात चुकला होता.

लेकीनं बळेबळे डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चित्रं दाखवली, उलटसुलट प्रश्न विचारले आणि म्हणाले, "आजी, हा आजार नाही. वयानं मेंदू जरा सावकाश चालतो. एका वेळी एकच काम करा." मला तर 'आजी' म्हटल्याचाच जास्त राग आला.

दुकानात परतल्यावर मी कात्री आमच्या ह्यांच्यापुढे ठेवली. मी कापायचं, ह्यांनी शिवायचं, ही आमची लग्नापासूनची वाटणी.

"आजपासून तुम्हीच कापा. मी काजं-बटणं करीन," मी म्हणाले. कात्री गेली की माझ्याजवळ उरतं काय?

हे कात्री घेऊन खडूच्या रेघेवर वाकले. बराच वेळ तसेच राहिले. मग कात्री माझ्याकडे सरकवली.

"मला रेघ दिसत नाही."

"चष्मा लावा की."

"लावलाय. अगं, रोज सकाळी माझ्या मशीनच्या सुईत दोरा ओवून ठेवतेस. कधी बोलून दाखवलंस का? मला काय कळत नाही होय?"

ह्यांना कळत नाही, अशीच माझी समजूत होती. डोळे भरून आले.

"मग मी तुला एक शब्द सांगितला तर तुझं काय जातंय? काप."

आता आमच्याकडे कापताना रेडिओ बंद असतो. पहिली बाही झाली की हे मशीन थांबवून ओरडतात, "उलटव!" गिऱ्हाईक दचकतं.

परवा माझं मलाच आठवलं होतं. तरी हे ओरडेपर्यंत मी कात्री तशीच उघडी धरून थांबले. हा माणूस माझ्या वाट्याला आला, याचे आभार कुणाचे मानायचे ते ठाऊक नाही. पण मानते, रोज मानते.