बापूरावांचा मूकमंत्र

मित्रांनो, फासा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे सापशिडीतला सहा बाजूंचा पांढरा ठोकळा येत असेल. मी त्याच्याच गोतातला, पण मला वीस बाजू आहेत. रंग काळपट लाल, आकडे पांढरे आणि एक कोपरा उडालेला. आता मी जुना झालो आहे. नागभीडच्या एका घरात, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात माझा मुक्काम असतो. आयुष्यात मी पुष्कळ उसळलो, पुष्कळ आपटलो, पण एका दुपारी मला जो धक्का बसला त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. तो सांगावा म्हणून हे बोलणे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. गरम आणि पातळ असा मी साच्यात ओतला गेलो, थंड झालो आणि कुणीतरी माझ्या अंगावरच्या आकड्यांत रंग भरला, एवढेच आठवते. नागपूरच्या एका दुकानात मी बरेच दिवस काचेआड पडून होतो. औषधशास्त्र शिकायला आलेल्या सरिताने मला तिथून उचलले. शिक्षण संपवून ती गावी परतली, तिने औषधांचे दुकान टाकले आणि तिच्यासोबत मीही नागभीडकर झालो.

सरिता जो खेळ खेळायची तो गोष्टीचा खेळ होता. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी जादूगार. पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. जमेल की नाही अशी शंका आली की मला टाकायचे. वरच्या बाजूला मोठा आकडा आला तर जमले, लहान आला तर फसले. त्यामुळे या खेळाचा मालक आपणच आहोत, असे मला वाटे. वीसचा आकडा पडला की सगळे मला कपाळाला लावत. तो मान मला फार आवडायचा.

गोष्ट सरिता सांगायची. सरकारी दवाखान्यातली परिचारिका दुर्गा गोष्टीतही वैद्यच असायची. रेल्वे फाटकावर नोकरी करणारा इसरू ढाल-तलवार घेऊन पुढे राहायचा. रविवारी दुपारी पडवीत चटई पडायची आणि खेळ रंगायचा.

सरिताचे वडील बापूराव हे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांतले नावाजलेले खलनायक. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की त्यांचा पाय घरात ठरत नसे. मंडपातला माईक बंद पडला तरी त्यांचा आवाज मागच्या बैलबंड्यांपर्यंत पोचायचा, असे लोक सांगत. होळीनंतर मात्र घरी बसून त्यांना कंटाळा यायचा. अशाच एका रविवारी ते चटईजवळ येऊन उभे राहिले.

"पाठांतर नाई, पडदा नाई, अन् हे नाटक कसं?" त्यांनी विचारले.

सरिताने त्यांना बसवून घेतले. बापूराव जादूगार झाले आणि त्यांनी आपल्या पात्राचे नाव ठेवले वज्रकंठ.

जादूचे नियम मात्र कडक होते. मंत्र मोठ्याने म्हणावा लागे आणि हातांच्या ठरावीक खुणा कराव्या लागत. तुमचा मंत्र शत्रूतल्या जादूगाराला दिसला किंवा ऐकू आला, तर तो त्याच क्षणी तोडू शके. त्याला मंत्रछेद म्हणत. शिवाय निःशब्द वर्तुळ नावाचा एक मंत्र होता. त्या वर्तुळात कुठलाच आवाज उमटत नसे, म्हणून तिथे अडकलेल्या जादूगाराचे काही चालत नसे. खेळताना 'मी मंत्र म्हणतो' एवढे सांगितले तरी पुरे. बापूरावांना ते पुरे वाटेना. ते उभे राहिले, खांद्यावरचा दुपट्टा मागे टाकला आणि असा मंत्र गरजले की स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी रुखमाबाईंच्या हातून झारा पडला. शेजारी धावत आले. मी तर चटईवर जागच्या जागी थरथरलो.

दोन-तीन पावसाळे असे मजेत गेले. मग त्यांचा आवाज बसू लागला. आधी सगळ्यांना वाटले, हंगामाचा ताण असेल. बापूराव तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत आणि बिडी ओढत म्हणत की सुंठ खाल्ली की घसा मोकळा होईल. दुर्गाने हट्टाने त्यांना तपासायला नेले. तिथून नागपूर. एके दिवशी सरिता डब्याशेजारी बसून फोनवर इसरूला सांगत होती, "स्वरयंत्र काढा लागते म्हनते डाक्टर. पुरं."

मी डब्यात होतो आणि मला काही समजेना. स्वर काढून घेता येतो? डोंगर हलवणारा तो आवाज कुणी चाकूने काढून कसा घेईल?

बापूराव परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात श्वासासाठी एक छिद्र होते आणि त्यावर पांढरे फडके. ते जवळ पाटी ठेवत, पण तिच्यावर लिहीत ते दोनच शब्द, 'चहा' आणि 'नको'. नाटकमंडळीतले सोबती भेटायला आले, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रुखमाबाई दिवसभर त्यांच्याशी बोलत राहायच्या आणि उत्तर येत नाही म्हणून हळूहळू त्यांनीही बोलणे सोडले. त्या घराची शांतता मला डब्याच्या पत्र्यातूनही लागायची.

पुष्कळ विनवण्या करून सरिताने त्यांना पुन्हा चटईवर आणले. गोष्टीत तेव्हा राखेचा राजा आला होता. त्याने एका गावाला ओलीस धरले होते आणि तो मंत्रछेदात पटाईत होता. बापूरावांची पाळी आली. त्यांनी हाताने खूण केली. पण मंत्र तर मोठ्याने म्हणायचा असतो.

इसरू प्रेमाने म्हणाला, "भाऊ, तुमाले बोलाची गरज नाई. तुमच्यापुरता तो नियम सोडून देऊ."

सरितानेही लगेच मान हलवली. राजाने या वेळी मंत्र तोडला नाही, असे तिने घाईघाईने सांगून टाकले. मला टाकले, तर मी तीन दाखवले. तीन म्हणजे साफ फसले. तरी सरिता म्हणाली, "लागला बाबा, लागला मंत्र."

बापूरावांनी माझ्याकडे पाहिले. मग लेकीकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मंडपातल्या खलनायकाचाही कधी झाला नसेल. त्यांनी मला उचलले आणि भिंतीवर फेकून मारले. माझा कोपरा उडाला. मी लोखंडी पेटीवर आपटून धानाच्या कोठीखाली गेलो. त्यानंतर चटई गुंडाळल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मला राग येण्याआधी आश्चर्यच वाटले. मी तर खरे बोललो होतो. तीन म्हणजे तीन. मग मार मला का? कोठीखाली कोंड्यात पडल्या पडल्या मी तोच विचार करत राहिलो. माझ्या अंगावरून मुंग्या गेल्या, एका पालीने मला अंडे समजून हुंगले. मला कुणी शोधले नाही. शेवटी एका सकाळी कोठीखाली झाडू आला आणि त्यामागे बापूरावांचा चेहरा. पोटावर झोपून ते मला शोधत होते. त्यांनी मला धोतराच्या सोग्याने पुसले आणि उडालेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. तेव्हा मला उमगले, त्यांचा राग माझ्या तीनवर नव्हताच. माझे तीन खोटे ठरवले गेले, त्यावर होता.

त्या दिवसांत ते सरिताचे नियमांचे जाडजूड पुस्तक घेऊन अंगणात बसत. इंग्रजी शब्द अडला की पाटीवर लिहून दुर्गाला विचारत. मग एका रविवारी ते आपणहून चटईवर आले. त्यांनी पाटीवर लिहिले, 'सवलत नको.'

गोष्ट पुढे सरकली. राखेच्या राजाने ओलीस गावकऱ्यांना दरीवरच्या झुलत्या पुलावर उभे केले होते. त्याच्या मंत्राने पूल जळत होता. दुर्गाचा वैद्य एका मंत्राने तो कसाबसा तोलून धरत होता. तिचे ध्यान मोडले की पूल तुटणार. स्वतः राजा उडण्याच्या मंत्राच्या जोरावर दरीच्या मध्यावर अधांतरी उभा होता. बापूरावांनी दोनदा त्याचा तो मंत्र उतरवायचा प्रयत्न केला, सगळे नियम पाळून. वज्रकंठ मंत्र म्हणतो, असे त्यांनी पाटीवर लिहिले, हातांनी खुणा केल्या. दोन्ही वेळा राजाने पाहिले आणि मंत्र तोडला. सरिताने या वेळी काहीच सोडले नाही.

मग राजाच्या सेवकाने वज्रकंठाभोवती निःशब्द वर्तुळ टाकले.

हे सांगताना सरिताच्याही लक्षात आले की आपण काय बोलून बसलो. दुर्गाने तोंडावर हात ठेवला. ज्याचा आवाज खरोखर गेला त्याच्याच पात्राभोवती मुकेपणाचे कुंपण पडले होते. इसरू घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला की भाऊंनी धावत वर्तुळाबाहेर यावे. पण मध्ये सेवकांची फळी होती आणि पूल तेवढा वेळ टिकणार नव्हता.

बापूराव हलले नाहीत. मला वाटले, आता मला उचलतील. मी अंगातले बळ एकवटले. वीस पाडायचेच, असे मी ठरवले होते.

मला कोणी उचललेच नाही.

बापूरावांनी आपल्या पात्राच्या विद्या लिहिलेला कागद सरितापुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. मागच्या वेळी पात्राची शक्ती वाढली तेव्हा त्यांनी एक विद्या निवडली होती आणि कुणी तिकडे फारसे लक्ष दिले नव्हते. मूकमंत्र. जादूगाराने आपली थोडी आंतरिक शक्ती खर्च केली, तर मंत्राला ना शब्द लागतो ना खूण. ती शक्ती एकदाच पुरेल एवढी होती, म्हणून त्यांनी ती शेवटपर्यंत राखून ठेवली होती. मग त्यांनी पाटीवर लिहिले, 'राजाचा उडण्याचा मंत्र उतरवतो. आतून.'

"पन राजा तोडन ना मंत्र?" इसरूने विचारले.

सरिताने पुस्तक उघडले. एक पान पाहिले, मग मागचे, मग पुन्हा पहिले.

"नाई तोडू शकत," ती म्हणाली. तिला स्वतःचेच शब्द खरे वाटत नव्हते. "जे दिसतच नाई अन् ऐकूच येत नाई, ते तो तोडन कसं? अन् दोनी मंत्र एकाच बळाचे हायेत, मंग शंकाच नाई. फासा लागतच नाई."

फासा लागतच नाही. मित्रांनो, मी थिजलो. ज्या वर्तुळाने वज्रकंठाला संपवायचे होते, ते त्याला अडवूच शकले नव्हते. शब्द नव्हता, म्हणूनच राजाला कळले नाही. यात कुणाची दया नव्हती. सगळे नियमांत बसत होते आणि हे नियम पुस्तकात तेव्हाही होते, जेव्हा सगळे मिळून बापूरावांना सवलत देत होते. राखेचा राजा दगडासारखा दरीत चालला आणि त्याच्याबरोबर पुलावरची आगही विझली. दुर्गाच्या हातात कपातला चहा तसाच राहिला. इसरू तोंड उघडे टाकून बसला होता.

भानावर येता येता सरिताने सवयीने विचारले, "राजा खाली जाऊन राह्यला. बाबा, तुमी त्याले काय म्हनता?"

विचारले आणि तिची मान खाली गेली. हा प्रश्न ती नेहमी विजेत्याला विचारायची. आता तो कुणाला विचारला हे तिला उशिरा कळले होते. बापूरावांनी शांतपणे पाटी पुसली, लिहिले आणि उलटी फिरवून दाखवली.

'वर्तुळात आवाज नाई. नियम वाच.'

आधी दुर्गा हसली, मग इसरू, मग डोळे पुसत सरिता. बापूरावांचे खांदे गदगदा हलत होते. आवाज नव्हता, पण ते हसणेच होते. रुखमाबाई दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. नवऱ्याचे हलणारे खांदे त्या पाहत राहिल्या. आजवर या खेळाला पोरखेळ म्हणणाऱ्या त्या बाई पदराला हात पुसत चटईवर येऊन बसल्या. पात्र मागितले नाही, काही विचारले नाही. नवऱ्याच्या शेजारी बसल्या, एवढेच.

आता गोष्ट बापूराव सांगतात. पाटी, हात आणि झाडीपट्टीत घासूनपुसून तयार झालेला चेहरा, एवढ्यावर ते अख्खे अरण्य उभे करतात. त्यांच्या नाटकमंडळीतला झिंगू आता खेळायला येतो आणि बापूरावांनी भुवई उचलली की दचकतो. माझे आकडे पुसट झालेत. उडालेल्या कोपऱ्यामुळे मी जरा तिरका घरंगळतो, म्हणून अटीतटीच्या वेळी नवा फासा वापरतात. त्याचे मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा फासा असेल तर त्याला उन्हात टाकू नका, दाताने चावू नका, आणि तो तीन दाखवत असेल तर त्याला तीनच म्हणा. एवढे माझ्यासाठी. आणि तुमच्या चटईवर कुणी बोलू न शकणारे माणूस बसले असेल, तर त्याच्यासाठी नियम सोडण्याआधी त्याला विचारा. त्याची पाळी आली की घाई करू नका, त्याच्या वतीने काही ठरवू नका. ते काय करणार आहे हे तुम्हाला माहीत नसते. मी तर वीस बाजूंनी पाहत होतो आणि मलाही नव्हते.