राखून ठेवलेलं पाऊल

कर्र... खट. कर्र... खट.

दुपारची वेळ होती. वलगावची सगळी आळी दारं लावून घरात बसली होती. रस्त्यावर ना फटफटी, ना भाजीवाल्याची हाळी. जगात मोठा आजार आला होता आणि त्यानं गावंच्या गावं गप्प केली होती. त्या शांततेत नत्थुजींच्या अंगणातून तेवढा एक आवाज उठला आणि शेजारच्या गोदाबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून नत्थुजींच्या बायकोला विचारलं, "अवं कौशल्या, काय वाजून राहिलं वं?"

ते मी वाजत होतो, मित्रांनो. सागवानाचा एक म्हातारा पांगुळगाडा. तीन चाकं, दोन उभे खांब आणि लेकराच्या मुठीत मावेल अशी एक आडवी दांडी, एवढंच माझं अंग. नुकतं उभं राहू लागलेलं बाळ ती दांडी धरतं, मला पुढे ढकलतं आणि माझ्यामागून चालायला शिकतं. कितीतरी वर्षांनी त्या दुपारी माझी चाकं फिरत होती. कुरकुरणारच ना!

मला घडवलं पुंजाराम सुतारांनी. नत्थुजी म्हणजे वांगी, मेथी आणि झेंडू पिकवणारा माणूस. त्यांची लेक प्रणाली तेव्हा भिंत धरून उभी राहत होती. घराच्या नव्या चौकटीतून चांगलं सागवान उरलं होतं, ते त्यांनी पुंजारामांपुढे टाकलं. पुंजाराम करवत थांबवून म्हणाले, "नत्थुजी, चार महिन्याच्या कामाले इतकं पक्कं लाकूड कायले नासवता? बाभळीचं करून देतो." नत्थुजी हसले. "पोरगी माही हाय. लाकूडबी माहंच राहू द्या."

प्रणालीनं मला अंगणभर पळवलं. उंबऱ्याला धडकवलं, कोंबड्यांच्या मागे लावलं. येणारेजाणारे म्हणायचे, काय सुबक गाडा आहे! मग ती मला सोडून धावायला लागली, आणि तेच तर माझं काम होतं. पण खरं सांगतो, लेकरू आपल्याला सोडून धावलं की आनंदही होतो आणि रितं रितंही वाटतं. तुमच्या आईला विचारून पाहा.

पुढे मी कोठीत गेलो. माझ्यावर कांद्याची टोपली आली, मग खताची रिकामी पोती आली. एक चाक अडकून बसलं. भिंतीपलीकडून मला घरातलं सगळं ऐकू यायचं. प्रणाली सायकलवर शाळेत जाऊ लागली. अमरावतीला नर्सिंग शिकली. अकोल्याच्या शिवमशी तिचं लग्न झालं आणि दोघं दूर ऑस्ट्रेलियात, ॲडलेड नावाच्या शहरात नोकरीला गेली. कोठीचं दार मात्र कांदे काढण्यापुरतंच उघडायचं.

प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. नत्थुजींनी नाव सुचवलं, जीवन. रजा संपली तरी बाळाचा व्हिसा काही आला नव्हता. तिकडे दवाखाना तिला बोलावत होता. शेवटी तिनं बाळ कौशल्याबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "कागद आले की घ्यायले येतो, आई. महिना-दोन महिन्याची तं गोष्ट हाय." ती तिकडे पोचली, आणि थोड्याच दिवसांत जगातली दारं एकामागून एक लागत गेली. तिकडच्या सरकारनं बाहेरच्यांना आत येणं बंद केलं. तात्पुरत्या व्हिसावर राहणारा माणूस देश सोडून गेला, तर त्याला परत घेतील याची खात्री नव्हती. लेकरू एकटं जाऊ शकत नव्हतं, आणि आई न्यायला येऊ शकत नव्हती.

जीवन पलंगाची पाटी धरून उभा राहू लागला तेव्हा नत्थुजींना त्याच्यासाठी अमरावतीहून रंगीत, वाजणारा प्लास्टिकचा वॉकर आणायचा होता. पण दुकानं बंद होती. मग त्यांना कोठी आठवली. त्यांनी मला उजेडात आणलं, पोती झटकली, जवसाच्या तेलाचं बोट माझ्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरवलं आणि अडकलेलं चाक हातानं गरगर फिरवून पाहिलं. जीवननं दोन्ही मुठींनी दांडी धरली. ती पकड मी ओळखली, मित्रांनो. अगदी आईसारखी, डाव्या बाजूला जरा जास्त जोर.

रोज फोनवर प्रणाली दिसायची. कधी तोंडावरच्या मास्कचे वळ गालांवर तसेच असायचे. एकदा जीवन मला ढकलताना दिसला आणि ती हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, "आई, त्याचे दात तू पाह्यले, त्याचं रांगणं तू पाह्यलं. एवढं एक माह्यासाठी ठेव. मी येईस्तोवर त्याले चालू देऊ नोको."

आता सांगा, असं बोलणं कोणी खरं धरतं का? पण कौशल्याबाईंनी धरलं.

एका सकाळी नत्थुजी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. जीवन मला धरून उभा होता. त्याला ती हिरवीगार मेथी हवी होती. त्यानं माझी दांडी सोडली आणि एक, दोन, तीन पावलं टाकून तो थेट जुड्यांवर जाऊन बसला. नत्थुजींनी टाळी वाजवायला हात उचलले, तर कौशल्याबाईंनी ते वरच्या वर धरले. नातवाला उचललं, परत माझ्यापाशी आणून उभं केलं आणि त्याच्या कानात म्हणाल्या, "अजून नाही रे बाप्पा. तुही माय येऊ दे."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात एक नाटक सुरू झालं. फोन वाजेपर्यंत जीवन सगळ्या घरात धुडगूस घालायचा. फोन वाजला की गोदाबाई कुंपणावरून ओरडायच्या, "गाडा आणा, गाडा!" आणि पडद्यावर दिसायचं माझी दांडी धरून गुणी बाळासारखं उभं असलेलं एक लेकरू.

पण दिवस लांबत गेले. दोनदा तिकीट निघालं, दोनदा विमान रद्द झालं. एकदा आजार नसल्याचा तपासणीचा कागद हातात आला, तर विमान पुढे ढकललं आणि कागदाची मुदत संपली. नत्थुजी म्हणाले, "कागद हाय का मेथीची जुडी? तीन दिवसात शिळी होते!" सगळे हसले, फक्त प्रणाली हसली नाही. तिला आता दुसरीच काळजी लागली होती. शेजारपाजारची, तिच्या दवाखान्यात येणारी याच वयाची मुलं धावत होती. आपलाच का चालत नाही? फोनवर ती त्याचे पाय पुन्हा पुन्हा दाखवायला सांगू लागली.

नत्थुजींना हे सोसवेना. "सांगून टाक वं तिले. पोरगी तिकडं झुरून राहिली."

"तिनं आजवर मले काय मांगलं?" कौशल्याबाई म्हणायच्या. "एवढंच मांगलं. थोडं थांबा. येतेच आता."

आणि मित्रांनो, ती आली! नर्सांची तिकडे फार गरज होती, म्हणून खूप अर्ज-विनंत्यांनंतर तिला जाऊन परत येण्याची परवानगी मिळाली आणि सोबत जीवनला आणण्याचीही. फेब्रुवारी महिना होता. ती विमानातून उतरून वलगावच्या वाटेला लागते न लागते, तोच अमरावती आणि अकोल्यात पुन्हा सगळं बंद झालं. अकोल्याच्या केशरबाईंना, म्हणजे शिवमच्या आईला, सून फोनवरच पाहावी लागली. घरी आल्यावरही प्रणालीला आठवडाभर समोरच्या खोलीत वेगळं राहायचं होतं. तिनं फाटकातूनच हात जोडले. खोलीत गेली आणि खिडकीच्या गजांना चेहरा लावून बसली. अंगण ओलांडलं की लेकरू, पण हात लावायचा नाही.

कौशल्याबाईंचं ठरलेलं होतं. आठवडा संपला की आईनं हात पसरायचे आणि तिच्यासमोर लेकरानं गाडा सोडायचा. तोवर जीवनला माझ्यापाशी बांधून ठेवल्यासारखं करायचं. आजी-आजोबा पाळीपाळीनं पहारा देत होते. धावत्या पोराला धावू न देणं म्हणजे काय असतं, ते नत्थुजींच्या कमरेला विचारा.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून प्रणाली हळूच म्हणाली, "आई, मी अमरावतीच्या हाडाच्या डॉक्टरची वेळ घेतली हाय. बाहेर निघता आलं की याले आधी तिथंच नेतो. तिकडच्या डॉक्टरलेबी विचारलं मी."

कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तोंड उघडलं. काय सांगणार होत्या, देव जाणे, कारण तेवढ्यात धप्पकन् आवाज झाला. छपरावरून एक मोठं काळतोंड्या वांदर अंगणात उतरलं, त्यानं टोपलीतलं एक वांगं उचललं आणि शेपूट उभारून ते परसदाराकडे निघालं.

जीवननं वांदराकडे पाहिलं. वांग्याकडे पाहिलं. माझी दांडी सोडली आणि सुटला! नुसता चालला नाही, मित्रांनो. दोन्ही हात हवेत, चड्डी अर्धी खाली, "हाट, हाट" करत तो सगळं अंगण ओलांडून त्या वांदरामागे धावला, तुळशीला वळसा घालून परत आला आणि पुन्हा धावला. वांदरानं घाबरून वांगं टाकलं आणि भिंतीवर उडी मारली.

खिडकीत प्रणाली उभीच राहिली होती.

"आई," ती म्हणाली, "हे काही पहिलं पाऊल नोय."

"नाही वं."

"हा तं पक्का धावून राहिला. कवापासून?"

कौशल्याबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दिवाळीच्या आधीपासून. तूच म्हटलं होतं ना, मी येईस्तोवर चालू देऊ नोको म्हणून. आता पोट्ट्याचे पाय कसे धरून ठेऊ मी? म्या फक्त तुले दाखवू देल्लं नाही."

"मी तिकडं रोज रात्री त्याचे पाय पाह्यत बसत होती, आई."

"चुकलं माहं."

प्रणालीनं कपाळ गजांना टेकलं. तिचे खांदे हलू लागले. नत्थुजी घाबरून पुढे झाले, तर ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. "वांदरामागं धावते! बाबा, माहं लेकरू वांदरामागं धावते!" पलीकडून गोदाबाईंनी राहून गेलेली टाळी एकदाची वाजवली. आळीतल्या चार खिडक्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, हे त्यातल्या दोघांना तरी ठाऊक नव्हतं.

आठवडा सरला. प्रणाली अंगणात येऊन खाली बसली. तिनं हाक मारली नाही, हातही पसरले नाहीत. फोनमधली ही बाई इतकी मोठी कशी झाली, म्हणून जीवन तिला बराच वेळ न्याहाळत राहिला. मग त्यानं मला धरलं. त्याला आता माझी गरज नव्हती, तरी तो मला ढकलत, कर्र खट करत तिच्यापर्यंत घेऊन आला. माझं चाक तिच्या गुडघ्याला लागलं. त्यानं तिचा हात उचलून माझ्या दांडीवर ठेवला. आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं होतं ते त्यानं तिला देऊन टाकलं. माझ्या साऱ्या आयुष्यात याहून मोठा मान मला मिळालेला नाही.

निघायच्या वेळी प्रणाली माझ्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "यालेबी घेऊन जातो." कौशल्याबाई मान वळवून म्हणाल्या, "ने. पुढच्याले लागन." प्रणाली लाजली. तिकडे बाहेरची माती आणि किडकं लाकूड चालत नाही, म्हणून नत्थुजींनी बाभळीच्या काट्यानं माझ्या चाकांच्या फटींतली काळी माती टोकरून काढली आणि मला पुन्हा तेल चोळलं. ॲडलेडच्या विमानतळावर प्रणालीनं मला स्वतःहून पुढे केलं. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी बॅटरीच्या उजेडात माझं पोट, पाठ, खिळे तपासले. एका कुत्र्यानं मला हुंगलं. कीड नाही, माती नाही! पुंजारामांचं काम आणि नत्थुजींचं सागवान परदेशात उत्तीर्ण झालं. त्यानंतर हॉटेलात पंधरवडा बंद खोली. शिवम रोज समोरच्या फुटपाथवर उभा राहून टॉवेल हलवायचा. ज्या दिवशी दार उघडलं, त्या दिवशी जीवननं मला तिथंच सोडलं आणि बापाच्या दोन पायांमध्ये जाऊन घुसला. थोड्याच दिवसांत भारतातून येणारी विमानं पुन्हा थांबली. पण आम्ही पोचलो होतो, मायलेक दोघं आणि तिसरा मी.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी कोठीत बसलेलं असेल. वर्षातून एकदा त्याला उजेडात आणा, तेलाचं बोट फिरवा, चाक फिरतं का ते बघा. आणि ज्यांचा हात धरून तुम्ही चालायला शिकलात, त्यांना तुमचं चालणं अधूनमधून दिसू द्या.

आता जीवन शाळेत जातो. माझी दांडी सध्या त्याच्या बहिणीकडे, खुशीकडे आहे. काल सकाळी फोनवर कौशल्याबाईंनी खुशीला माझ्यामागून चालताना पाहिलं. "चाल माय, चाल" म्हणत त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसतं कपाळच दिसत होतं. फोन ठेवल्यावर प्रणाली कणीक मळायला लागली. जीवन ओट्याला टेकून उभा होता.

"आई," त्यानं विचारलं, "मी आजीजवळ होतो, तवा तू इकडं रडत होती ना?"

"हो रे राजा."

"मंग आता मी तुह्याजवळ हाओ. तं आजी तिकडं काय करते?"

प्रणालीनं कणकेच्या बोटांनीच वलगावला पुन्हा फोन लावला आणि तो जीवनच्या हातात दिला.