जकात नाक्यावरचा दांडा

मी एक जुना लाकडी दांडा आहे. आता लोक माझ्यावर खुशाल बसतात, पण एके काळी मी हलल्याशिवाय शहरात काडेपेटीसुद्धा शिरत नसे.

सुताराने मला सरळ खोडातून तासून काढलं, तांबडे-पांढरे पट्टे रंगवले आणि एका टोकाला दगड बांधून रस्त्यात आडवं केलं. माझी दोरी नाकेदारांच्या हातात. गाडीवाल्याने मालाची जकात भरली की ते पावती फाडत, दोरी सोडत आणि मी वर जाई.

मित्रांनो, जकात भरायचा गाडीवाला, पण ती शेवटी जायची साबणाची वडी घेणाऱ्याच्या खिशातून. दुकानदार ती किमतीत मिसळी, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. साबण गरिबालाही लागतो, म्हणून दर जपून ठरवावे लागत. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तशी त्यातूनच नाक्यामागची पाण्याची टाकी उभी राहिली. पाणी सगळे प्यायचे आणि शिव्या मला द्यायचे. फार वाईट वाटे.

एका रणरणत्या दुपारी टेंपोवाल्या मावशी आल्या. मागे खोक्यांत कोंबडीची चारशे पिल्लं. साठवलेलं सगळं त्यांनी त्यांतच घातलं होतं. नाकेदारांनी दरपत्रक काढलं. अंड्यांचा दर होता, कोंबडीचा होता, पिल्लांचा नव्हताच. नवा दर ठरवणार साहेब, आणि साहेब जेवायला गेलेले. मनाने दर लावला तर नाकेदारांची नोकरी जायची. अर्धा तास गेला. खोक्यांतली चिवचिव मंदावली.

मावशी काकुळतीला आल्या. "भाऊ, काय लावायचं ते लावा, पण लवकर लावा. माझी पिल्लं जातील हो."

नाकेदारांनी घाम पुसला. "ही अंड्यातून बाहेर कधी आली?"

"काल सकाळी."

"म्हणजे परवापर्यंत अंडीच होती की," असं म्हणून त्यांनी चारशे अंड्यांची पावती फाडली. इतक्या आनंदाने मी कधीच वर गेलो नव्हतो.

साहेब परतले आणि भडकले. मग त्यांनी पिल्लांना कोंबडीचा दर लावून पाहिला. जकात पिल्लाच्या किमतीहून जास्त निघाली. साहेबांनी अंड्यांचीच पावती कायम केली. महिन्याभरात दरपत्रकात नवी ओळ आली: पिल्ले, अंड्यांप्रमाणे.

पुढे देशभर एकच कर आला. तो दुकानातच बिलावर लागू लागला आणि नाके उठले. मी कुंपणापाशी धूळ खात पडलो. वाळवी लागणारच होती, तेवढ्यात निवृत्त नाकेदारांनी मला उचललं, तेल पाजलं आणि टाकीखाली दोन दगडांवर ठेवून माझा बाक केला. रोज संध्याकाळी ते माझ्यावर येऊन बसतात.

मित्रांनो, साबण घ्याल तेव्हा बिल मागून घ्या. त्यातला चिमूटभर कर तुमचाच आहे, तो वाटेत हरवू देऊ नका. आणि टाकीचा नळ वाहता दिसला तर बंद करा, कारण तोही तुमच्याच पैशाचा आहे.

कधीकधी मावशींचा टेंपो जातो. आता त्यांना कुणी अडवत नाही, तरी इथे त्या वेग कमी करतात आणि एकदा हॉर्न वाजवतात. नाकेदार ताडकन उठतात, सवयीने त्यांचा हात दोरी शोधतो. त्यांचं वजन उतरताच मीही जरासा वर येतो.