तात्पुरतं स्वॅप

साहेबांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी आधी वाचला, आणि वाचून डोक्यात तिडीक गेली. "यंत्रणेत दोष नाही. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे रुग्णवाहिका अकरा मिनिटं उशिरा निघाली." ऑपरेटर म्हणजे मावशी. एकवीस वर्षं रुग्णवाहिकेचे फोन घेणारी, अख्ख्या मजल्याची मावशी. सहा दिवस तिला घरी बसवलं होतं, आणि चारच्या बैठकीत कायमचं घरी पाठवायचं ठरलं होतं. रुग्ण वाचला हे नशीब. त्यात आमचं काडीचं कर्तृत्व नाही.

"पुन्हा बघितल्याशिवाय सही करणार नाही," मी म्हटलं.

"आता काय बघणार? आलेख तूच दिलास ना?"

दिला होता. मावशीची स्क्रीन एका आभासी मशीनवर चालते. त्याची मेमरी निम्मी मोकळी, स्वॅपचा वापर शून्य, सगळं हिरवंगार. पण अशी चौदा मशीनं खाली एकाच खऱ्या सर्व्हरवर नांदतात. त्याला आम्ही होस्ट म्हणतो. होस्टच्या पोटात काय चाललंय ते वरच्या मशीनला कळत नाही, आणि मी फक्त वरच्यालाच विचारलं होतं.

होस्ट उघडला. चौदा जणांना मिळून कबूल केलेली मेमरी होस्टकडच्या मेमरीच्या दुप्पट. जी मावत नव्हती ती स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर. ओट्यावर जागा नाही म्हणून रोजची साखर माळ्यावर ठेवायची आणि चमचाभर लागली तरी स्टूल घेऊन चढायचं, असला कारभार. त्या दिवशी दहा वीसला स्वॅपसुद्धा काठोकाठ भरलं होतं. मावशी पत्ता टाइप करत होती आणि तिचं मशीन माळ्यावर चढउतार करत होतं.

"कोण गाढव आहे हे," मी मोठ्याने म्हणाले आणि सेटिंगचा इतिहास काढला. होस्टचं स्वॅप चौपट करणारी ओळ आठ महिन्यांपूर्वीची. शेजारी टीप: "तात्पुरतं. नवीन मेमरी आली की काढणे." खाली माझं नाव.

मग आठवलं. साहेबांना त्यांच्या अहवालांसाठी आणखी पाच मशीनं हवी होती, आणि मेमरी संपत आल्याचा लाल इशारा त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. "काहीतरी करून घालव गं तो," म्हणाले. मी स्वॅप वाढवून घालवला. नवीन मेमरी आलीच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. साहेबांचा संताप येत होता, पण कीबोर्डवर बोटं माझी होती. साहेबांची ती पाचही मशीनं मी तिथल्या तिथे बंद केली.

चार वाजता मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी इतिहासाचा कागद टेबलावर ठेवला.

"दोष यंत्रणेचा आहे. स्वॅप मी वाढवलं, साहेबांच्या सांगण्यावरून. काढायचं राहिलं."

साहेबांचा चेहरा उतरला. "हे आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. आत्ता लिहा, माझ्या नावासकट."

लिहावंच लागलं. मावशीला कामावर परत घेतलं. मला वाटलं, ती निदान माझ्याकडे बघेल. ती पर्स घेऊन बाहेर पडली. मी जिन्यात तिला गाठलं आणि म्हटलं, "मावशी, मला त्या दिवशी कळलंच नाही."

"मी फोन केला होता तुला. स्क्रीन अडकलीय म्हणाले. दुसऱ्या फोनवर त्या रुग्णाची मुलगी रडत होती."

मला काहीच आठवेना.

"तू म्हणालीस, मावशी, इथे सगळं हिरवं आहे, चष्मा पुसून बघा." ती पायरीवर थांबली. "आणि मी पुसला गं."